तरुण फुटबॉलपटूचा करार वाचून देणारी वकिली सेवा: आमचा अनुभव

आधी निकाल सांगतो. घरातल्या मुलासमोर एखाद्या क्लबने लांब मुदतीचा, भरपूर पैशांचा करार ठेवला असेल, तर सही करण्याआधी अशी सेवा घ्याच. आम्ही माझ्या भाच्यासाठी घेतली. सेवेत उणिवा आहेत, त्या पुढे लिहिल्या आहेत. कार्यालयाचं नाव देत नाही, कारण असं काम करणारी बरीच कार्यालयं आहेत आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याकडून काय मागून घ्यावं याबद्दल.

सेवा अशी: कराराचा मसुदा पाठवायचा, ते प्रत्येक कलमावर लेखी टिपण देतात, मग कुटुंबासोबत व्हिडिओ कॉलवर सविस्तर बोलतात आणि खटकणाऱ्या कलमांना पर्यायी शब्दरचना सुचवतात. शुल्क एकरकमी. सही झाली काय, मोडली काय, त्यांना तेवढेच पैसे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. एजंटची कमाई खेळाडूच्या पगाराच्या टक्केवारीवर असते. फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने 2023 च्या नियमांत तिला मर्यादा घातली, वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंतच्या पगारावर पाच टक्के आणि त्यावरच्या रकमेवर तीन टक्के. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या वर्षाअखेर नियमांचा बराच भाग स्थगित झाला. आमचा एजंट कष्टाळू माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तरीही करार जितका मोठा आणि लांब, तितका त्याचा फायदा, हे विसरून त्याचा सल्ला ऐकता येत नाही.

भाचा गोलरक्षक आहे आणि तेव्हा अठराचा होत होता. मसुद्यावरची तारीख त्याच्या वाढदिवसानंतरची होती. आम्हाला ती सहज पडलेली तारीख वाटली. टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात खुलासा होता: फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा लांब व्यावसायिक करार करता येत नाही, म्हणून क्लब थांबला होता. अठरानंतर कमाल मुदत पाच वर्षं, आणि देशाचा कायदा परवानगी देत असेल तर त्याहूनही जास्त. मसुदा पाच वर्षांचा होता आणि पुढे एक ओळ होती, क्लबला वाटल्यास आणखी दोन वर्षं. हा हक्क एकट्या क्लबचा. म्हणजे अठराव्या वर्षी केलेली सही पंचविसाव्यापर्यंत पुरणार आणि मधल्या काळात निघून जायचा एकही दरवाजा मुलाच्या हातात नाही. अशा एकतर्फी मुदतवाढीचे वाद लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेले आहेत आणि निकाल परिस्थितीनुसार वेगवेगळे लागले आहेत. त्यामुळे ‘कोर्टात बघू’ हा काही आधार होत नाही, असं वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

ताई मात्र लांब मुदतीच्या बाजूने होती, आणि तिचं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. ती म्हणाली, “अरे, उद्या त्याचा गुडघा गेला तर? पाच वर्षांचा पगार तरी हातात राहील.” आईने असाच विचार करायला हवा. पण वैद्यकीय तपासणीच्या कलमात, चौथ्या उपकलमात एक वाक्य दडलेलं होतं: दुखापतीमुळे सलग सहा महिने खेळता आलं नाही तर क्लब करार संपवू शकेल. मी ते पान वाचलं होतं. एजंटनेही वाचलं होतं. आम्हा दोघांच्याही नजरेतून ते सुटलं, कारण वरचा सगळा मजकूर रक्त तपासणी आणि फिजिओबद्दल होता. ज्या एका कारणासाठी ताईला लांब करार हवा होता, नेमकं तेच या वाक्याने काढून घेतलं होतं. कॉलवर हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पगाराचं पान दिसायला सुरेख होतं. पाचव्या वर्षाचा आकडा पहिल्या वर्षाच्या जवळजवळ चौपट. तळटीप अशी की ही वाढ मुख्य संघाकडून ठरावीक सामने खेळल्यावरच लागू होईल. सामन्यात कोणाला उतरवायचं हे क्लब ठरवणार, आणि वाढ द्यायची की नाही तेही त्यावरून ठरणार. हमखास मिळणारी रक्कम आणि अटींवर टांगलेली रक्कम वकिलीणबाईंनी वेगवेगळ्या रकान्यांत मांडून दिली. माझं स्वतःचं काम हिशेबनीसाचं, तरी हे मी आधी का केलं नाही असं वाटावं इतकी ती मांडणी स्वच्छ होती.

आता ज्याने मी खरा हादरलो ते सांगतो. माझी समजूत होती की खेळायलाच मिळालं नाही तर खेळाडू करार मोडू शकतो. फिफाच्या नियमांत पंधरावं कलम तसं आहेही: हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामने खेळायला मिळाले, तर हंगामातल्या शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत खेळाडूला करार संपवता येतो. पण हा हक्क ‘प्रस्थापित’ व्यावसायिकाला आहे. ज्याचं प्रशिक्षण अजून चालू मानलं जातं, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला तो लागू होईल याची खात्री कोणी देत नाही. बाकावर बसून सगळ्यात जास्त नुकसान ज्याचं होतं, त्याच्याच हातात हे हत्यार नाही.

लोनचं, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला पाठवण्याचं, तसंच. मसुद्यात लिहिलं होतं की क्लब सांगेल तिथे लोनवर जायला खेळाडूची आत्ताच संमती आहे. फिफाने लोनवर मर्यादा आणल्या आहेत, 2024 च्या जुलैपासून एका क्लबला एका हंगामात आंतरराष्ट्रीय लोनवर सहाच खेळाडू पाठवता येतात आणि सहाच घेता येतात. मात्र एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू या मोजणीत धरत नाहीत. मोठे क्लब तरुण मुलांना दरवर्षी नव्या गावी पाठवत राहतात, त्याला हा नियम आडकाठी करत नाही.

क्लबला एवढी लांब मुदत का हवी असते, यावर टिपणात एकच परिच्छेद होता. तो मला अपुरा वाटला, म्हणून इथे भर घालतो. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लब हिशेबात कराराच्या वर्षांमध्ये वाटून दाखवतो. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने जानेवारी 2023 मध्ये मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांच्या करारावर घेतलं, पाठोपाठ एन्झो फर्नांडेझलाही 2031 पर्यंत. एन्झोची किंमत सुमारे 10 कोटी 70 लाख पौंड. साडेआठ वर्षांत वाटली तर दरवर्षी सव्वा कोटी पौंडांच्या आसपास खर्च दिसतो, पाच वर्षांत वाटली तर दोन कोटी दहा लाखांहून जास्त. युरोपातल्या फुटबॉलची संघटना युएफाने 2023 च्या उन्हाळ्यात ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली, इंग्लंडच्या प्रीमियर लीगने त्याच डिसेंबरात. करार लांब करायला मात्र बंदी आलेली नाही.

अकादमीतल्या मुलाचं गणित वेगळं. त्याला विकत घेतलेलं नसतं, म्हणून वाटायला किंमतच नसते आणि तो विकला की जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जाते. दुसरीकडे, युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बोसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबला बदलीची रक्कम मिळत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी बोलणीही पक्की करू शकतो. म्हणून कराराची जितकी वर्षं शिल्लक, तितकी क्लबच्या हातात किंमत. यात लबाडी नाही, क्लब आपला माल सांभाळतो. पण पाच अधिक दोन वर्षांना ‘आमचा तुझ्यावर विश्वास’ असं म्हणून ते कागद मुलासमोर ठेवले गेले, याचा मला राग आला आणि अजून आहे.

कॉलमध्ये मी अन्सू फातीचा विषय काढला, कारण भाच्याच्या खोलीत त्याचा फोटो आहे. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघात, नोव्हेंबर 2020 मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत, मेस्सी गेल्यावर त्याची दहा नंबरची जर्सी, ऑक्टोबर 2021 मध्ये 2027 पर्यंतचा करार आणि शंभर कोटी युरोंचा रिलीज क्लॉज, म्हणजे तेवढी रक्कम भरली तरच करार मोडून बाहेर पडता येईल असं कलम. 2023 मध्ये, विसाव्या वर्षी, तो लोनवर ब्रायटनला गेला. साउल निग्वेझने 2017 मध्ये ॲटलेटिको माद्रिदशी नऊ वर्षांचा करार केला; त्या मुदतीत तो चेल्सीला आणि सेव्हियाला लोनवर जाऊन आला. जॅक रॉडवेल 2014 मध्ये पाच वर्षांसाठी संडरलँडला गेला, संघ दोनदा खालच्या श्रेणीत घसरला, पगार मिळत राहिला आणि खेळणं जवळजवळ थांबलं. 2018 मध्ये करार परस्परसंमतीने संपला.

उलट बाजूही आहे. इनाकी विल्यम्सने 2019 मध्ये ॲथलेटिक बिल्बाओशी नऊ वर्षांचा करार केला आणि तो तिथलाच होऊन गेला. सेस्क फाब्रेगासने 2006 मध्ये आर्सेनलशी लांब मुदतीची सही केली, आणि 2011 मध्ये तो बार्सिलोनाला गेलाच. चमकलेल्याला लांब करार अडवत नाही, कोणीतरी रक्कम मोजून त्याला सोडवतं. अडकतो तो मधला: चांगला, पण अजून सिद्ध न झालेला, ज्याचा पगार इतका की दुसऱ्या क्लबला परवडत नाही. अठराव्या वर्षी आपला मुलगा यातला कोणता हे कोणालाच माहीत नसतं.

आता उणिवा. पहिली मोठी: टिपणात फुटबॉल नव्हता. गोलरक्षक एकच खेळतो आणि तो पिकतोही उशिरा. या क्लबचा पहिला गोलरक्षक सव्वीस वर्षांचा, त्याच्या कराराची चार वर्षं बाकी. भाच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती आणि ती मला स्वतः शोधावी लागली. करारापुरतंच काम म्हणत असाल तर तसं आधी सांगा. दुसरी: करावर आणि विम्यावर दोन ओळी, त्याही ‘तज्ज्ञाला विचारा’ अशा. तिसरी मला सगळ्यात लागली. कॉलभर वकिलीणबाई ताईशी आणि माझ्याशी बोलल्या, मुलगा शेजारी गप्प बसून होता. सही त्याची होती. मी विनंती केल्यावर त्यांनी त्याच्याशी वेगळं बोलणं ठेवलं, तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “मला पैसे कमी चालतील. मला मॅच खेळायच्या आहेत.” हे आम्हाला घरी कधी सांगितलं नव्हतं त्याने.

वाटाघाटीत काय मिळालं? दुखापतीचं वाक्य पूर्ण निघालं. मुदत पाचाची चार झाली. दोन वर्षांच्या वाढीऐवजी एकच वर्ष, तेही दोघांची लेखी संमती असेल तर. लोनसाठी दरवेळी त्याची सही लागेल. रिलीज क्लॉज क्लबने साफ नाकारला आणि शेवटच्या वर्षाची वाढ अटीवरच राहिली. एकूण रक्कम अर्थातच कमी झाली. पहिला हंगाम त्याने बाकावर काढला. दुसऱ्याच्या सुरुवातीला क्लबने त्याला अशा ठिकाणी पाठवायचं ठरवलं जिथे तो तिसरा गोलरक्षक झाला असता. त्याने सही केली नाही. मग खालच्या श्रेणीतला क्लब निघाला, आणि तिथे तो दर आठवड्याला खेळतो आहे.

सेवा घेणार असाल तर मसुदा हातात पडल्याबरोबर पाठवा, क्लबने दिलेल्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. आमचं टिपण यायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. मसुद्यासोबत एजंटशी केलेला करारही पाठवा. फिफाच्या नियमांत त्याची मुदत कमाल दोन वर्षं आहे, आमच्याकडे ती तीन लिहिलेली निघाली. हमखास आणि सशर्त रक्कम वेगळी करून मागा. आणि मुलाशी एकट्याने बोलण्याचा वेळ शुल्कात धरला आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.