दिव्यांच्या सर्किटमधली ‘दीडची’ वायर

घराचे वायरिंग नव्याने करून घेताना दिव्यांच्या सर्किटसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालायची, असे ठेकेदाराशी ठरले होते आणि बिलातही तेच लिहिलेले होते. काम चालू असताना मात्र “दिव्यांना करंट लागतो किती?” असे तो वरचेवर म्हणत असे, आणि ते खोटेही नव्हते, 9 वॅटचे 10 एलईडी दिवे 230 व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाहीत. माझी फसवणूक याच अर्धसत्याच्या आडून झाली. वायरीची जाडी नुसत्या दिव्यांवरून ठरत नाही. सर्किटला 10 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच) असेल, तर तो पडेपर्यंतचा प्रवाह वायरीला सोसवला पाहिजे, नाहीतर एमसीबी जागचा हलत नाही आणि आवरण आधी वितळते.

काही महिन्यांनी टोकाच्या खोलीतला दिवा लुकलुकू लागला. होल्डर उघडला, तर स्क्रूखालचे टोक सैल होऊन काळवंडले होते. ब्लेडने खरवडताच तांबूस थर निघून आत पांढरा धातू दिसला, म्हणजे ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम होते. (कलई केलेले तांबेही पांढरे दिसते, पण ते खरवडल्यावर तांबूस होते, इथे नेमके उलटे घडले.) शिवाय दीडच्या वायरीत असायला हव्यात त्या 0.3 मिलिमीटरच्या 22 तारांऐवजी मोजून 14 भरल्या, म्हणजे वायर जेमतेम 1 चौरस मिलिमीटरची होती. आवरण जाड असल्यामुळेच ती हाताला दीडची वाटली. असा धातू तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच वीज वाहतो, आणि अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत गेल्याने सांधा सैल होऊन तिथेच तापू लागतो.

पाइपात ओढण्यापूर्वी हे सहज ओळखता आले असते. दीडच्या 100 मीटर बंडलात आवरण सोडून नुसते तांबेच सुमारे 1.3 किलो असते, तर मुलाम्याच्या तेवढ्याच जाडीच्या तारेत धातू अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. बंडलाच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर (विजेचा रोध मोजणारे उपकरण) लावल्यास तांब्याला 1.2 ते 1.3 ओहम दिसतात, मुलाम्याच्या वायरीला दोनच्या आसपास. पण मी बंडल पाहिलेच नव्हते; ठेकेदाराने आणलेले सुटे तुकडेच भिंतीत गेले.

जाब विचारला तेव्हा “दिवे लागतात ना?” एवढेच उत्तर मिळाले, आणि बिलावर वायरीचा मेक नसल्यामुळे मला त्याला पुढे काही म्हणताही आले नाही. सगळी वायर काढून नवी ओढावी लागली. या खेपेला सीलबंद बंडल माझ्यासमोर तोलून मगच फोडले.