इमिच (फोटो घरच्याच मशीनवर ठेवून फोनवर बघायचं सॉफ्टवेअर) वापरून नऊ महिने झाले, पण बोलायचंय यूपीएसबद्दल

काल रात्री पावणेतीनला वळवाचा पाऊस आला, लाइट गेली आणि हॉलच्या कोपऱ्यातनं टीं... टीं... टीं. सासूबाई उठून गॅस बंद आहे ना बघून आल्या, मुलगा उशीखाली डोकं घालून "आई ते बंद कर ना गं", आणि मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये यूपीएसचं बटण शोधतेय. राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

घरातल्या चार फोनचे मिळून साडेसहाशे जीबी फोटो. गुगल फोटोजचं फुकटचं अनलिमिटेड 1 जून 2021 ला बंद झालं तेव्हापासून 'जागा संपत आली'चे मेसेज वाचत होते. त्यांचा 2 टीबीचा प्लॅन तेव्हा वर्षाला 6,500 रुपये होता आणि एकदा सुरू केला की घरभाड्यासारखा कायमचा. म्हणून कपाटातला जुना लॅपटॉप काढला, त्यावर उबुंटू (विंडोजच्या जागी), मग डॉकर (असली सॉफ्टवेअर चालवायचं साधन), त्यावर इमिच. खर्च फक्त दोन डिस्कचा, एक चालू आणि एक बॅकअपची (इमिच म्हणजे बॅकअप नव्हे, हे इमिच बनवणारे स्वतःच सांगतात, ऐका त्यांचं). सुरुवातीला एकदा रिलीज नोट्स न वाचता अपडेट मारलं आणि शनिवार वाया घालवला, ती चूक माझीच. ऑक्टोबर 2025 मध्ये इमिचचं 2.0 स्टेबल व्हर्जन आलं, तेव्हापासून तक्रार नाही. ब्रॉडबँडवाला पब्लिक आयपी (बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचायचा पत्ता) देत नाही, जास्तीचे पैसे मागतो, तर टेलस्केल (आपली मशीन्स कुठूनही एकमेकांना जोडणारं खासगी नेटवर्क) टाकलं, फुकटात काम झालं. दुबईची नणंद तिथून फोटो बघते.

लॅपटॉपची खरी मजा म्हणजे बॅटरी. आयता यूपीएस, लाइट जावो येवो, ढिम्म. चार महिन्यांनी टचपॅड वर आलेला दिसला, मला वाटलं स्क्रू ढिला झाला असेल, खालून बघते तर बॅटरी पुरीसारखी टम्म. चोवीस तास शंभर टक्के चार्जवर ठेवली की हेच होणार. साठ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, मी लावलीच नव्हती. बॅटरी ई-कचऱ्यात दिली.

मग साडेनऊ हजाराचा सेकंडहँड मिनी पीसी घेतला. छोटा, गुणी, प्लगच्या मीटरवर 11 वॅट, म्हणजे महिन्याला आठ युनिट. पण बॅटरी नाही, आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते ती जातेच. दोनदा धाडकन बंद पडला आणि चालू होताना अर्धा तास डिस्क तपासत बसला, म्हणून यूपीएस. राउटरचा छोटा यूपीएस चालला असता तर किती बरं, पण तो 12 व्होल्टचा आणि या पीसीला लागतात 20. मग घेतला नेहमीचा मोठा डबा. त्याला यूएसबी नाही, म्हणजे लाइट गेलीय हे पीसीला कळणार कसं? तर राउटर मुद्दाम यूपीएसवर नाही ठेवला. पीसी दर मिनिटाला राउटरला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' विचारतो, पाच मिनिटं उत्तर नाही आलं की स्वतः शटडाउन. हा जुगाड मला फार आवडला होता, दोन दिवस नवऱ्याला ऐकवत होते.

पण पाच मिनिटांनी पीसी झोपतो आणि यूपीएस ओरडतच राहतो. बंद पडलेल्या पीसीची राखण, टीं टीं करत, बॅटरी मरेपर्यंत. आणि मरायच्या आधी लाइट आली तर पीसीला वीज गेल्याचं कळलेलंच नसतं, त्यामुळे बायॉसमधलं (पीसीच्या मूळ सेटिंगमधलं) 'आफ्टर पॉवर लॉस', म्हणजे वीज परत आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग, काही करत नाही, सकाळी उठून बटण मीच दाबायचं. कंपनीत फोन केला तर म्हणे "मॅडम, ते सेफ्टी फीचर आहे." बंद कसं करायचं? "नाही होत." बझर काढला तर? "वॉरंटी जाईल." बरं, मीटर लावून बघितलं तर दोन्ही मिळून 19 वॅट. म्हणजे नुसतं उभं राहायचे आठ वॅट हा डबा खातो, महिन्याला पावणेसहा युनिट, वर ओरडतो.

संध्याकाळी पुढे लिहितेय. दुपारी परत लाइट गेली, पीसी नीट बंद झाला, डिस्क तपासणं वगैरे काही नाही. त्यामुळे 'यूपीएस घेऊच नका' असं सकाळी लिहिलं होतं ते खोडलं. घ्या, पण यूएसबीवाला आणि बझर म्यूट होणारा घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी. मी ते हजार वाचवले.

आणि इमिचबद्दल एक राहिलंच. फोटोत काय आहे ते ओळखून शोधणारं सर्चचं मूळ मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे, सेटिंगमध्ये नाव बदलून बहुभाषिक टाकता येतं. मी एनएलएलबी नावाचं, मराठी कळणारं टाकलं, सगळे फोटो परत वाचायला पीसीला दोन रात्री लागल्या. सासूबाईंनी 'छत्री' टाइप केलं आणि 2014 चा सासऱ्यांचा फोटो वर आला, सिंहगडावर, छत्री उलटी झालेली. कुणाच्याच लक्षात नव्हता तो. आता त्या रोज काहीतरी शोधतात, आणि लाइट गेली की मलाच विचारतात, "अगं, फोटो कधी येणार?"

बझरच्या भोकांवर सध्या चिकटपट्टीचे तीन थर आहेत, आवाज थोडा बसका झालाय एवढंच. वॉरंटी डिसेंबरात संपते. सोल्डरिंग गन मुलाकडे आहेच.