न्यू फ्रान्समधले पूर्वज शोधायचे तर पीआरडीएच

कॅनडातल्या क्युबेकमधल्या फ्रेंच वसाहतीतले, म्हणजे न्यू फ्रान्समधले पूर्वज शोधणाऱ्याने सुरुवात पीआरडीएचपासूनच करावी. माँट्रियल विद्यापीठात 1966 साली सुरू झालेला हा ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा संशोधन प्रकल्प. यात 1621 पासूनच्या कॅथलिक बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी कुटुंबवार जोडलेल्या आहेत. सदस्यत्व सशुल्क आहे, पण पैसे वसूल होतात.

खरी कसोटी आडनावांची. टोपणनावं 'दी' (म्हणजे 'ऊर्फ') या शब्दाने आडनावाला जोडली जात, उदाहरणार्थ 'मिव्हिल दी देशेन'. पुढच्या पिढ्यांत कुणी मिव्हिल राहिलं, कुणी नुसतं देशेन झालं. सख्ख्या भावांचीही आडनावं वेगळी निघतात. म्हणून एक माग तुटला की लगेच दुसऱ्या नावाने शोधा. पीआरडीएच स्पेलिंगं प्रमाणित करतं, त्यामुळे हे काम निम्म्याने हलकं होतं.

बायका कागदोपत्री माहेरचंच नाव लावत, तेव्हा आजीला नवऱ्याच्या आडनावाने शोधू नका. मुलग्यांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी सर्रास लागे. रोजच्या वापरातलं नाव त्यानंतरचं. मूल दगावलं तर तेच नाव धाकट्या भावंडाला देत, म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडताच दफनाची नोंदही तपासा. नाहीतर मेलेल्या बाळाचं लग्न लावून बसाल!

प्रोटेस्टंट घराण्यांसाठी पीआरडीएचचा उपयोग फारसा नाही. कॅथलिक नोंदींच्या मूळ पानांचे फोटो फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तिथे साक्षीदार आणि धर्मपित्यांची नावं जरूर वाचा.