दिवाळीच्या दुधासाठी घेतलेल्या चार गाभण म्हशी: नऊ महिन्यांनंतर

गेल्या आषाढात दोन मुऱ्हा आणि दोन पंढरपुरी जातीच्या म्हशी घेतल्या, चारही गाभण. दसरा-दिवाळीच्या सुमाराला व्यायल्या की हिरवी वैरण हाताशी, थंडीत दूध टिकतं आणि उन्हाची काहिली सुरू होण्याआधी म्हशी परत भरवता (गाभण करून घेता) येतात, असा हिशेब होता. तशी म्हैस दिवस लहान व्हायला लागले की माजावर येते. गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, त्यामुळे कार्तिकात फळलेली, म्हणजे गाभण राहिलेली, भादवा-आश्विनात व्यायते.

हिशेब तीन म्हशींच्या बाबतीत जमला, चौथीने मोडला.

पंढरपुरीची जोडी एका शेतकऱ्याच्या दावणीवरून घेतली. त्या घरातल्या वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर भरवल्याची तारीख पेन्सिलने लिहून ठेवली होती. एक चार दिवस आधी व्यायली, दुसरी दोन दिवस उशिरा. मुऱ्हा मात्र बाजारातून. व्यापारी म्हणाला, "दोन्ही सात महिन्यांच्या, पोटावर हात ठेवून बघा." आम्ही हात ठेवला, मान डोलावली आणि पैसे मोजले. घरी आणल्यावर डॉक्टरांनी आतून तपासलं तर एक खरंच सातची, दुसरी जेमतेम पाचची. ती दिवाळीऐवजी डिसेंबरअखेर व्यायली. दोन महिने भाकड म्हैस सांभाळायची तर वैरण-पेंडीत दहा-बारा हजार सहज जातात. डॉक्टरांना बाजारात सोबत नेलं असतं तर तपासणीची फी किरकोळच होती.

रक्ताची तपासणीही आधीच करायला हवी होती. ब्रुसेला हा जंतूंचा रोग असेल तर म्हैस शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते (गर्भ टाकते), वर दावणीच्या बाकीच्यांनाही लागण. आमच्या चारही निघाल्या स्वच्छ, पण रिपोर्ट येईपर्यंत झोप नव्हती. कानातला बारा आकडी बिल्ला बघा, लाळ-खुरकुत आणि घटसर्पाच्या लसी कधी टोचल्या ते विचारा. दात बघायला कुणी सांगावं लागत नाही.

गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात एका मुऱ्हाचं अंग, म्हणजे योनीचा भाग, बाहेर यायचं. गोठ्याची मागची बाजू थोडी उंच केली, वैरण एकदम न टाकता चार वेळा विभागून दिली, तेव्हा आटोक्यात आलं. विकणारा हे कधीच सांगणार नाही. शेपटीखाली जुन्या टाक्यांच्या खुणा आपणच शोधायच्या.

रेडकांत एक गेलं. चीक पहिल्या तासात पाजला होता, पण दहाव्या दिवशी द्यायचं जंताचं औषध राहिलं. चूक सर्वस्वी माझी.

दुधाचं म्हणाल तर मुऱ्हा वेळेला सहा-सात लिटर, पंढरपुरी चार-साडेचार. पण पंढरपुरी कडब्यावरही तग धरते, पान्हा चोरत नाही आणि घरातलं कुणीही तिची धार काढू शकतं. पुन्हा घ्यायच्या झाल्या तर मी तिसरी पंढरपुरीच बघेन, शिंगांना जागा जास्त लागते तेवढी सोय करून.

दोन्ही पंढरपुरी माघात फळल्या. वेळेवर व्यायलेली मुऱ्हा एकदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही; परत भरवली आहे. उशिराची अजून दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर देते, तेही चैत्रात, दर चढलेला असताना. शेजारचे अण्णा म्हणतात, "बघ, हीच फायद्याची निघाली." पण ती अजून माजावर आलेली नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून रोज पहाटे तिच्या मागे उभा राहतो.