पेंचच्या भुयारी मार्गांवर नोंद कशी ठेवावी: कॅमेरा ट्रॅप की मातीची पट्टी?

नागपूर-सिवनी महामार्गावर पेंच व्याघ्र प्रकल्पात महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना रस्त्याखालून जायला नऊ मार्गिका आहेत, रुंदी ५० ते ७५० मीटर. कोणता प्राणी कुठून जाईल याचा अंदाज बांधायला आधी नोंदी भरवशाच्या हव्यात.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ कळते, मग रात्रीच्या ट्रकवर्दळीशी मेळ घालता येतो. वाघाचे पट्टे दिसले की एकच वाघ दहादा मोजला जात नाही. खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेशी थोडा तिरका बांधा. पण मे महिन्यात जमीन प्राण्याच्या अंगाइतकी तापते. सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. फरकच नसेल तर दुपारचे प्राणी सुटतात. ती शून्ये खरी धरली की अंदाज फसलाच.

पट्टी म्हणजे ठसे उमटावेत म्हणून वाटेवर आडवी पसरलेली माती. तिला ऊन चालते. बारीक चाळलेली माती बोटाच्या पेराएवढी पसरा, उजाडताच वाचून सपाट करा, संध्याकाळी पुन्हा तसेच, म्हणजे दुपारचे प्राणीही कळतात. चितळ आत आले आणि अर्ध्यातून वळले, हे ठशांत स्वच्छ दिसते आणि अंदाजासाठी ते सोन्याच्या मोलाचे. मात्र पावसात सगळे पुसते, आणि ७५० मीटर रोज कोण चाळणार?

म्हणून वर्षभर कॅमेरे, अरुंद मार्गिकांत उन्हाळ्यात पट्टीही.