पेशंट केअर भारी, बिलिंग उरकलंय
मेडिकल असिस्टंटच्या परीक्षेआधी ही ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली. पेशंट केअरचे प्रश्न खरंच भारी, म्हणजे बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) लहान पडला तर रीडिंग जास्त येतं की कमी (जास्त येतं, मी चुकले 😅) असं विचारतात, नुसत्या घोकंपट्टीवर निभत नाही. कोडिंगमध्ये (आजारांना ठरलेले कोड देणं) पण ई११.९ म्हणजे कॉम्प्लिकेशन नसलेला टाइप २ डायबेटिस एवढं पाठ असून भागत नाही, केसमध्ये मधेच कुठेतरी किडनीचा आजार लिहिलेला असतो तो पकडला की ई११.२ मध्ये जायचं. बिलिंग मात्र उरकलंय, कोपे (दर भेटीला पेशंटने भरायची ठरलेली रक्कम) आणि डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) यांतला फरक विचारला की झालं, रिजेक्ट झालेला विम्याचा क्लेम (चुकांमुळे तपासायच्या आधीच परत आलेला) आणि डिनाय झालेला क्लेम (तपासून पैसे नाकारलेला) यावर एक प्रश्न नाही. वर एका प्रश्नाचं उत्तरच चुकीचं दिलंय, मेल टाकून तीन आठवडे झाले, अजून तसंच आहे.