मुलांना काशीचा इतिहास दाखवायचाय: आधी घाट की आधी सारनाथ?

मुलांना घेऊन काशीला जाणाऱ्यांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, पहाटे नावेतून घाट, मग विश्वनाथाचं दर्शन, आणि वेळ उरलाच तर बुद्धांनी पहिला उपदेश केला ते सारनाथ. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर हे बरोबरच आहे. पण पाचवीच्या पुढचं असेल, शाळेत बुद्ध आणि अशोक होऊन गेले असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की आधी सारनाथ करा.

कारण घाटावर उभं राहून आपण "बघ किती प्राचीन शहर" म्हणतो, पण समोर दिसतं ते बरंचसं दगडी बांधकाम 18व्या शतकातलं किंवा त्यानंतरचं, आणि त्यातलं कितीतरी मराठ्यांचं. विश्वनाथाचं आत्ताचं मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलं, भोसले घाट नागपूरकरांचा, शिंदे घाट ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. म्हणजे शहर अडीच हजार वर्षांहून जुनं, पण डोळ्यांना दिसतात त्यातली शेवटची अडीचशे-तीनशेच.

सारनाथ शहरापासून साधारण 10 किमी, रिक्षाने आरामात होतं. तिथे अशोकाच्या खांबाचा तुटलेला बुंधा अजून जागेवर आहे, त्यावर ब्राह्मी या जुन्या लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत, आणि त्याच खांबावरचे सिंह शेजारच्या म्युझियममध्ये आहेत. मुलाच्या हातात एक रुपयाचं नाणं द्या आणि त्या सिंहांसमोर उभं करा, नाण्यावर तीनच दिसतात मग चौथा कुठंय हे त्याचं त्यालाच शोधू द्या, त्यानंतर काही समजावून सांगावं लागत नाही. मग उंच धमेख स्तूप बघा आणि जवळच धर्मराजिका स्तूपाचा उरलेला फक्त गोल पाया. 1794 मध्ये काशीचा दिवाण जगत सिंग याच्या माणसांनी बांधकामाला विटा हव्यात म्हणून तो फोडला. इतिहास नाहीसा कसा होतो हे मुलांना इतकं सरळ दुसरीकडे कुठे दाखवता येईल असं मला वाटत नाही. म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि बाहेर सावली कमी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरच जा.

त्यानंतर घाटावर आलात की मुलं वेगळे प्रश्न विचारतात. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी 1820च्या दशकात इथल्या टांकसाळीत होता, त्याने काशीचा नकाशा काढला आणि पुढे 1837 मध्ये अशोकाची ब्राह्मी वाचली ती त्यानेच, म्हणजे दोन्ही जागा एका माणसामुळे जोडल्या जातात. विश्वनाथाच्या मंदिराशेजारची मशीद बघून मोठी मुलं विचारणारच, तेव्हा टाळू नका. औरंगजेबाच्या हुकुमाने 1669 मध्ये मंदिर पाडलं, आत्ताचं मंदिर शंभरेक वर्षांनी शेजारी झालं, हे आवाज न चढवता सांगा.

लहान मुलांना मात्र घाटच द्या, सनावळी अजिबात नको, माणसं सांगा. झाशीची राणी इथलीच, मनकर्णिका तांबे, अस्सीजवळ भदैनीत तिचं स्मारक आहे. संत एकनाथांनी भागवत इथे पूर्ण केलं. महाराजांच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट काशीचे, पण घराणं मूळ पैठणचं, आणि हे ऐकून मराठी पोरांना हे शहर एकदम ओळखीचं वाटायला लागतं. शिंदे घाटाजवळचं रत्नेश्वराचं मंदिर एका बाजूला कललंय, ते का कललं असेल यावर त्यांचा अर्धा तास सहज जातो. मणिकर्णिका घाटावरच्या चिता दाखवायच्या की नाही हे तुमचं मूल बघून ठरवा, नाववाल्याला आधी सांगितलं तर तो लांबूनच नेतो.

पावसाळ्यात गंगा चढली की नावा बंद आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, तेव्हा वयाचा प्रश्नच नाही, सारनाथच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, नाव दुपारनंतर घ्या.